स्ट्रेस-अ‍ॅन्झायटी कोचिंग: पहिल्या भेटीत काय विचारायचं आणि काय नाही विचारायचं

हल्ली इंदुरात स्ट्रेस आणि अ‍ॅन्झायटीचं कोचिंग करणारे बरेच जण झालेत आणि ते चांगलंच आहे, कारण भंवरकुआच्या क्लासवाल्या पोरांपासून सुपर कॉरिडॉरच्या आयटीवाल्यांपर्यंत आणि राजेंद्रनगर-सुदामानगरात दोघंच राहणाऱ्या, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत असलेल्या काका-काकूंपर्यंत गरज सगळ्यांना आहे. नवीन काम सुरू करणारे बहुतेक जण मला एकच मागतात, ताई तुमचा इन्टेक फॉर्म, म्हणजे पहिल्या भेटीत माहिती भरून घ्यायचा कागद, पाठवा ना. मी फॉर्म पाठवत नाही, त्याऐवजी हे लिहितेय.

नेटवर मिळणारे फॉर्म चार-चार पानांचे असतात आणि त्यात धर्म, उत्पन्न, वडिलांचा व्यवसाय, भावंडं किती, लहानपणी काय झालं, सगळं असतं, आणि समोरचा माणूस आधीच धडधडत्या छातीने आलेला असतो. माझा नियम साधा आहे, प्रत्येक प्रश्नापुढे स्वतःसाठी लिहून बघा की याचं उत्तर हो आलं तर मी काय वेगळं करणार आणि नाही आलं तर काय करणार. दोन्हीकडे सारखंच असेल तर तो प्रश्न काढून टाका. घरभाडं किती हे विचारून तुम्ही काही करणार नसाल तर ते तुम्हाला कळायचं कारण नाही. आपला मराठी समाज इथे एवढुसा, आडनाव सांगितलं की पुढच्या मिनिटाला कुणाचे कोण ते निघतं, म्हणून तर हे जास्तच पाळायला हवं.

भेटीच्या आधी एक फोन करायचा, दहा-पंधरा मिनिटांचा. त्यात नाव (आणि काय म्हणून हाक मारलेली आवडेल ते), वय अठराच्या वर आहे ना, कुठला नंबर, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप केलं तर चालेल का आणि तो फोन घरात अजून कुणी बघतं का. हा शेवटचा प्रश्न कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. घरात सासूबाई नाहीतर नवरा मेसेज वाचत असेल आणि तुम्ही 'उद्याची अ‍ॅन्झायटी सेशन कन्फर्म' असं पाठवलंत तर त्या बाईचं काय होईल विचार करा. ऑनलाइन बोलणार असाल तर बोलताना आजूबाजूला कोण असेल तेही विचारा, बरेच लोक गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात आणि त्यात काही वाईट नाही, फक्त तुम्हाला माहीत पाहिजे, म्हणजे कुणी आलं तर विषय कसा बदलायचा ते आधी ठरवता येतं. सध्या कुठल्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे का, आणि वेळ पडली तर कुणाला फोन करू, त्यांचं नाव-नंबर. फीसुद्धा इथेच सांगून टाका. बस, फोनवर एवढंच.

आता संमती. लोक कागदावर सही घेतात आणि झालं समजतात, पण कागद कुणी वाचत नाही, म्हणून मी तोंडी सांगते आणि मग कागद देते. साधारण असं: "मी कोच आहे, डॉक्टर नाही आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही नाही, मी आजाराचं निदान करत नाही, औषध सांगत नाही आणि चालू असलेलं बंदही करायला सांगत नाही. तुम्ही बोलाल ते माझ्याकडेच राहील. दोन गोष्टींना अपवाद आहे, तुमच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावणार आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मला कळवावंच लागतं. कुठल्याही प्रश्नाला 'हे नको' म्हणालात तरी चालेल." क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं रजिस्ट्रेशन आरसीआयकडे असतं, रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, ते नसताना माणसाला तसं वाटू देणं म्हणजे सरळ फसवणूक, त्यामुळे हे वाक्य गाळायचं नाही.

इंदूरसाठी मी अजून एक गोष्ट सांगते. "आपण सानंदच्या (इथली मराठी नाटकं आणणारी संस्था) नाटकाला नाहीतर गणपतीत कुठेतरी भेटूच, तेव्हा मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर नॉर्मल बोलेन, पण इथला विषय काढणार नाही." हे ऐकल्यावर लोकांचे खांदे खाली येतात, अक्षरशः दिसतं. कारण कुणीतरी मावशीने नाहीतर शेजारच्या काकूंनीच त्यांना पाठवलेलं असतं आणि हळदीकुंकवाला 'काय ग, जाते का ती तुझ्याकडे, काय म्हणते' हा प्रश्न येणार हे दोघांनाही माहीत असतं. त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. मी 'कोण येतं-जातं ते मी कुणालाच सांगत नाही हो काकू' असं म्हणते, आणि हो असो नाही असो, दर वेळी हेच म्हणते. फी आईवडील देत असतील आणि मुलगा मोठा असेल तरी तेच, फी देण्याने माहिती मिळत नाही हे पहिल्याच दिवशी तिघांनी मिळून बोलून घ्यायचं.

वय अठराच्या खाली असेल, आणि नीट-जेईईवाली पोरं बरीच असतात, तर आईवडिलांची संमती घ्यावीच लागते, २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटाच्या कायद्यातही मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. त्याच कायद्यात असंही आहे की माहिती कशासाठी घेताय ते साध्या शब्दांत सांगायचं, संमती मागे घेता आली पाहिजे, आणि ती सूचना इंग्रजीत नाहीतर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा, म्हणजे मराठीत आणि हिंदीत तुमचा कागद तयार असू द्या. सहावीपासून हिंदी मिडियमला शिकलेल्या पोराला मराठी वाचायला लावू नका, तो घरी मराठी बोलत असला तरी.

भेट सुरू झाली की माझा पहिला प्रश्न असतो, "आत्ताच यावंसं का वाटलं?" त्रास बहुतेकांना वर्षानुवर्षं असतो, पण मागच्या पंधरा दिवसांत काहीतरी झालेलं असतं म्हणून ते आलेले असतात, रिझल्ट लागला, बायको म्हणाली आता बास, ऑफिसात सगळ्यांसमोर हात थरथरला. ते आधी कळलं पाहिजे. मग पाच-सात मिनिटं तुम्ही गप्प. जे शब्द ते वापरतील तेच लिहा, जीव घाबरा होतो, डोकं भणभणतं, गॅस वर चढतो, बीपी लो झाल्यासारखं वाटतं. वहीत त्याचं लगेच अ‍ॅन्झायटी करू नका, कारण पुढच्या भेटीत तुम्ही 'तो गॅस वर चढतो म्हणालात ना, तो या आठवड्यात कधी चढला' असं विचारलंत की माणसाला वाटतं हिने ऐकलं होतं.

आणि मग सगळ्यात कामाची गोष्ट, माझं तर म्हणणं आहे की बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा: शेवटचा प्रसंग मिनिटामिनिटाने काढून घ्या. 'तुम्हाला टेन्शन कशाचं येतं' असं विचारलं की उत्तर येतं 'सगळ्याचंच', त्यातून काही हाती लागत नाही. खाली एक नमुना देते, अनेकांच्या बोलण्यातून जुळवलेला आहे, कुणा एकीचा नाही. समजा एक शिक्षिका आहेत.

"शेवटचं कधी झालं असं?"
"सारखंच होतं हो."
"सारखं होतं ते खरंच, पण अगदी शेवटचं, या आठवड्यात?"
"... परवा. बुधवारी."
"किती वाजले होते?"
"कुकर लावला होता, साडेसात असतील."
"आणि?"
"फोन वाजला. शाळेच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज, उद्या सगळ्यांनी अर्धा तास लवकर यायचं."
"अंगात पहिलं काय झालं?"
"पोटात खड्डा पडला. मग हात गार."
"आणि मनात?"
"की इन्स्पेक्शन असणार, माझ्या वह्या तपासून झाल्या नाहीत, सगळ्यांसमोर बोलतील."
"मग काय केलंत?"
"गॅस बंद केला, वह्या काढल्या, बारापर्यंत बसले. जेवलेच नाही."
"सकाळी काय निघालं?"
"ग्रुप फोटो होता."

बघा, पाच मिनिटांत किती मिळालं. कशाने सुरू झालं, अंगात काय झालं, मनात कुठलं वाक्य आलं, त्यांनी काय केलं आणि शेवटी खरं काय निघालं. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं शेवटून दुसरं आहे, बारापर्यंत वह्या तपासल्या. कारण त्यामुळे रात्री बरं वाटलं, आणि मनाने हिशेब असा लावला की वह्या तपासल्या म्हणून वाचलो, म्हणजे पुढच्या मेसेजला परत तेच. चिंता अशीच टिकून राहते, टाळण्याने नाहीतर जादा खबरदारीने तात्पुरतं बरं वाटतं म्हणून. तेव्हा 'मग तुम्ही काय करता' आणि 'यामुळे काय काय करायचं सोडलंत' हे दोन प्रश्न विसरू नका. दुसऱ्याच्या उत्तरात लग्नाला जाणं, लिफ्ट, बायपासवर गाडी चालवणं, फोन उचलणं असं काहीही येतं आणि कोचिंगचं अर्धं काम तिथेच असतं.

शरीराचं विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. थायरॉइड वाढलेला असला की धडधड, घाम, हात थरथरणं, वजन उतरणं, झोप न येणं, सगळं अ‍ॅन्झायटीसारखंच दिसतं. हिमोग्लोबिन कमी असलं की थोडं चालून धाप लागते आणि छाती धडधडते. डायबिटीसच्या माणसाची शुगर खाली गेली की घाम आणि घबराट. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, स्टेरॉइड, थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होणं, याने पण धडधड होते. म्हणून मी विचारते, "हे सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी तपासलंय का, रक्त कधी तपासलं होतं?" आणि नसेल तपासलं तर कोचिंग चालू ठेवून आधी फिजिशियनकडे पाठवते. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, श्वास लागणं असेल आणि ईसीजी झालेला नसेल तर त्या दिवशी कोचिंग नाही, आधी डॉक्टर. बायकांना पाळीचं, बाळंतपणाचं आणि चाळिशी-पन्नाशीत पाळी जातानाच्या दिवसांचं विचारा, संकोच करू नका, पुरुष कोच असाल तर 'हे डॉक्टरांशी बोललात का' एवढं तरी विचाराच.

गोळ्यांचं विचारताना नाव बघून घ्या, जमलं तर स्ट्रिपच आणायला सांगा. 'झोपेची अर्धी गोळी घेते कधीमधी' यातली गोळी अल्प्राझोलाम असू शकते आणि ती बरेच महिने चाललेली असेल तर एकदम बंद केल्यावर त्रास उलटा वाढतो, फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून त्यावर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं.

चहा मोजा. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, ऑफिसात चहा, छप्पन दुकानवर चहा, माणूस 'दोनच घेतो' म्हणतो आणि दिवस सकाळपासून मोजत गेलं की सहा निघतात. शेवटचा कप किती वाजता हे जास्त महत्त्वाचं, चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पोरांना एनर्जी ड्रिंकचं वेगळं विचारा, ते चहात धरत नाहीत. तंबाखू, गुटखा, दारू यांचं 'घेता का' असं विचारलं तर 'नाही' येतं, त्यापेक्षा "बरेच जण टेन्शनमध्ये सिगरेट, तंबाखू नाहीतर थोडी दारू घेतात, तुमचं कसं आहे?" असं सरळ आवाजात विचारा. झोपेचं सोमवारचं आणि रविवारचं वेगळं विचारा, किती वाजता आडवे झालात, झोप किती वेळाने लागली, मध्ये किती वेळा जाग. इथे रात्री एक-दीडला सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन जेवण करून येणारे कमी नाहीत, आणि मग तीनला पोट जड होऊन जाग आली की त्याला पॅनिक म्हणतात, तर ते आधी विचारून घ्या.

स्केल, म्हणजे उत्तरांना आकडे देऊन बेरीज करायची तयार प्रश्नावली, वापरा, पण नंतर, ओळख झाल्यावर. चिंतेसाठी जीएडी-७ बरं आहे, २००६ मध्ये आलेलं, सात प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र धरतात, आणि १० किंवा वर असेल तर मी डॉक्टर नाहीतर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवायला सांगतेच. ताणासाठी पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल, मूळ १९८३ चं, आता जास्त करून १० प्रश्नांचं वापरतात, मागच्या महिन्याबद्दल, एकूण ४०, आणि त्यात चौथा, पाचवा, सातवा, आठवा प्रश्न उलटे मोजायचे (० ला ४, ४ ला ०) असतात, हे विसरलं की चांगल्या माणसाचा स्कोर वाईट दिसतो. उदासी वाटली तर पीएचक्यू-९, ही नऊ प्रश्नांची. जीएडी-७ आणि पीएचक्यू-९ फुकट वापरता येतात आणि दोन्ही मराठी-हिंदीत मिळतात, घरी बसून आपलं भाषांतर करू नका. आकडा म्हणजे निदान नव्हे हे क्लायंटला तोंडाने सांगा, नाहीतर तो घरी जाऊन सांगेल मला १४ निघाली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पीएचक्यू-९ ची लिंक गूगल फॉर्म करून पाठवू नका. त्यातला नववा प्रश्न मरण्याच्या नाहीतर स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि कुणी रात्री अकराला त्यावर 'जवळजवळ रोज' टिक केलं आणि तुम्ही तो फॉर्म शनिवारी उघडला तर? त्या माणसाने सांगितलं होतं आणि कुणी वाचलं नाही, असं झालं. समोर बसून भरून घ्या आणि नववा प्रश्न तिथेच बघा.

आणि तो प्रश्न न घाबरता तोंडाने विचारा, "कधी जगणं नको, मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, यावर पुष्कळ अभ्यास झालेत, उलट बरेच जण पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं म्हणून मोकळे होतात. हो म्हणाले तर कसं करायचं ठरवलंय का, साधन जवळ आहे का, कधी, आधी प्रयत्न केला होता का, हे एकेक विचारा. बेत पक्का दिसला तर त्यांना एकटं सोडायचं नाही, त्यांना सांगूनच घरच्यांना फोन करायचा, आणि एमवायला (इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल) नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात स्वतः सोबत जायचं, लगेचचा धोका असेल तर ११२. बेत नसेल पण विचार येत असतील तरी त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्ट, इंदुरात एमवाय आहे, बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, खाजगीही आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्यांच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या, फुकट आहे आणि २४ तास चालतो. लोकांना पोलिसांची भीती असते, तर २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच मानायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, हे त्यांना सांगून ठेवा.

घरच्यांबद्दल थोडंच लागतं. घरात कोण कोण, यातलं कुणाला माहीत आहे, त्यांना माहीत झाल्यावर ते काय म्हणाले, आणि त्रास झाला की पहिला फोन कुणाला जातो. घरात कुणाची भीती वाटते का हे फक्त एकट्याला विचारायचं, नवरा नाहीतर आई खोलीत असताना कधीच नाही, आणि हो आलं तर बायकांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. लहानपणीचं खोदकाम आपण करायचं नाही. कुणी स्वतःहून जुनी जखम उघडायला लागलं तर मी थांबवते, "हे मोठं आहे, आणि हे सगळं आज मला सांगायची गरज नाही, हे ज्यांना नीट सांभाळता येतं अशा माणसाकडे आपण जाऊ." ऐकून घेतलं आणि मग आठवडाभर तो माणूस एकटा त्यात राहिला, यापेक्षा हे बरं.

शेवटची दहा मिनिटं चांगल्या गोष्टींना ठेवा. आधी कधी असं झालं होतं तेव्हा कशाने बरं वाटलं, कुठल्या दिवशी त्रास कमी असतो, आणि तीन महिन्यांनी काय वेगळं दिसलं तर म्हणाल पैसे वसूल. 'टेन्शन-फ्री व्हायचंय' हे लिहू नका, त्या शिक्षिकेचं लिहायचं तर 'मेसेज आला तरी आधी जेवीन, मग बघीन'. हे मोजता येतं. घरी जाताना एकच काम द्या, आठवडाभर फोनच्या नोट्समध्ये एक ओळ, किती वाजता, काय झालं, काय केलं. अर्ध्या मिनिटाच्या वर लागलं तर कुणी करत नाही.

नोट्स त्याच संध्याकाळी लिहा. डावीकडे ते जे बोलले ते, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते, दोन्ही मिसळू नका, आणि क्लायंटने वही मागितली तर लाज वाटणार नाही असंच लिहा. फाइलवर पूर्ण नाव नको, वहीचे फोटो फोनमध्ये काढू नका, ते आपोआप बॅकअपला जातात आणि घरच्या टीव्हीवर फोटो बघताना सगळ्यांसमोर येतात. काम संपल्यावर किती दिवस ठेवणार तेही क्लायंटला आधीच सांगा आणि त्या तारखेला खरंच फाडा, डिलीट करा.

डॉक्टरांना चिठ्ठी द्यायची असेल तर क्लायंटला विचारून, आणि तीन-चारच ओळी: त्रास कधीपासून, त्यांच्या शब्दांत काय होतं, कुठल्या गोळ्या चालू, जीएडी-७ चा आकडा आणि तारीख. वह्या, मॅडम, नवरा, सासू काही नाही. लिहून झाली की क्लायंटला वाचून दाखवा, एखादी ओळ नको म्हणाले तर काढा आणि मग पाकीट त्यांच्याच हातात द्या.